नवा घोडा, जुनं घराणं

'आपापल्या चपला आपापल्या जबाबदारीवर ठेवाव्यात' ही पाटी वाचत ज्याचं बालपण मंगल कार्यालयांत गेलं, त्याला लखनौतल्या मॅरेज लॉनच्या फाटकावरची पाटी पहिल्यांदा वाचताना जरा अडखळायला होतं. तिच्यावर लिहिलेलं असतं, शस्त्र घेऊन आत येऊ नये. चपलांबद्दल अवाक्षर नसतं. चपला नेणारे इथेही आहेत, पण चिंतांचा क्रम निराळा आहे.

पाटी वाचून शस्त्रं बाहेर राहतात असंही नाही. एखाद्या पाहुण्याच्या शेरवानीला कमरेच्या उजव्या अंगाला लहानसा उंचवटा असतो, आणि तो पाहुणा पनीरच्या रांगेत उभा राहत नाही. पनीर त्याच्याकडे चालत येतं. गृह मंत्रालयाच्या हिशेबाप्रमाणे 2016 च्या अखेरीला देशात शस्त्रांचे 33 लाख 69 हजारांवर परवाने होते आणि त्यांतले 12 लाख 77 हजार एकट्या उत्तर प्रदेशात. महाराष्ट्रात 84 हजार. आपल्याकडे माणसं भांडत नाहीत म्हणून हा फरक पडला, असा समज कुणी करून घेऊ नये. आपल्याकडे सोसायटीची वार्षिक सभा असते.

आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांनी रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरवलं तेव्हा मी लखनौत बऱ्यापैकी मुरलो होतो. तरी फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "त्यापेक्षा कुत्रा पाळा म्हणावं. तो निदान ओळखीच्याला चावत नाही." वकीलसाहेब साठीच्या अलीकडचे, वकिली दिवाणी, स्वभाव मऊ. त्यांना रिव्हॉल्व्हर कुणावर चालवायचं नव्हतं. ते त्यांच्याकडे असायला हवं होतं, एवढंच. त्यांच्या धाकट्या साडूकडे आलं होतं, आणि सासुरवाडीच्या गोतावळ्यात साडूची खुर्ची दोन जागा पुढे सरकली होती.

पण परवान्याच्या अर्जात साडूचं कारण चालत नाही. चालतं ते जिवाला धोका हे कारण, आणि वकीलसाहेबांची पंचाईत अशी की त्यांना शत्रूच नव्हता. इथे भल्या घरात शत्रू नसणं हे मुलीचं लग्न न ठरण्याइतकंच अवघड प्रकरण. चौकशीला ठाण्यातून एक सिपाही आला. शेजारी म्हणून माझ्याकडे वळला आणि वहीवर पेन टेकवून म्हणाला, "इनका किसी से कोई झगड़ा-वगड़ा?" आता काय सांगायचं? भांडण नाही म्हणावं, तर यांना शस्त्र कशाला. आहे म्हणावं, तर अशा भांडकुदळ माणसाला शस्त्र कोण देणार. मी सांगितलं, की ते दिवाणी वकील आहेत, त्यांच्याकडचे दावे निकाल लागेपर्यंत नातवांवर जातात, वकिलावर राग धरायला मूळ माणूसच उरत नाही. सिपायाने मान हलवली आणि लिहिलं, 'सम्मानित व्यक्ति'. मग लोकल इंटेलिजन्स युनिटचा माणूस आला, मग तहसिलीचा कागद झाला, आणि प्रत्येक कागद फिरूनफिरून ज्या टेबलावर यायचा तिथे असलहा बाबू बसलेले होते. शस्त्रं सांभाळणाऱ्या त्या कारकुनाला सगळा मुलूख याच नावाने ओळखतो. इतका दरारा त्यांच्या अखत्यारीतल्या कुठल्याही बंदुकीला नाही.

तरी वकीलसाहेब सुटले थोडक्यात. ते ग्वाल्हेरचे असते तर 2019 च्या उन्हाळ्यात तिथल्या कलेक्टरांनी परवान्याआधी दहा झाडं लावायला सांगितली असती, आणि रोपाबरोबरचा सेल्फी अर्जाला जोडावा लागला असता. त्याच वर्षाच्या थंडीत गोशाळेला दहा घोंगड्या देण्याची अट निघाली. त्याआधी 2008 मध्ये, ज्या गावी तात्या टोप्यांना फाशी दिलं त्या शिवपुरीत, नसबंदी करून घेणाऱ्याला परवान्यात झुकतं माप होतं. पुरुषाने कुठली शान गमावल्यावर कुठली मिळवावी याचा इतका सरळ हिशेब सरकारी कचेरीत क्वचितच मांडला गेला असेल. ग्वाल्हेर म्हणजे शिंद्यांचं, म्हणून आपल्याला तिथल्या कारभाराबद्दल थोडा आपलेपणा असतो. पण महादजी दिल्लीकडे निघाले तेव्हा त्यांना कुणी आधी वृक्षारोपण करायला सांगितलं नव्हतं.

परवाना हातात आला, आणि खरा पेच तिथून पुढे.

कायद्याने पूर्वी एका माणसाला तीन शस्त्रं ठेवता यायची. 2019 च्या दुरुस्तीने ती दोनवर आली. वकीलसाहेबांच्या घरी आजोबांच्या वेळची बारा बोअरची दुनाळी होतीच. ती कधी उडाली होती हे कुणाला आठवत नव्हतं, पण दसऱ्याला तिला कुंकू लागायचं, त्यामुळे तिला हलवणं शक्य नव्हतं. उरली एक जागा. बोअर निवडायचा प्रश्नच नाही. 9 मिलिमीटर, 38, 455 हे सगळे सामान्य नागरिकाला निषिद्ध, त्यामुळे भल्या माणसाच्या वाट्याला यायचं ते बहुतेक 32 बोअर. रंग, आकार, कंपनी, सगळं सरकारने आणि नशिबाने आधीच ठरवलेलं. माणसाच्या हातात एकच गोष्ट राहिली होती. नवं घ्यायचं की जुनं?

इथे घरात दोन तट पडले. मुलगा गुडगावात सॉफ्टवेअरमध्ये. त्याचं म्हणणं, नवं घ्या, कोरं घ्या, पावतीवर घ्या. मामाजी, म्हणजे वकीलसाहेबांचे मामा, ऐंशीच्या घरातले आणि जन्माचे लखनौच्या चौक भागातले. ते म्हणाले, "नया तो कोई भी ख़रीद लेता है." त्यांच्या मते रिव्हॉल्व्हर एकच, वेब्ले. तेही विलायती. बर्मिंगहॅमचा शिक्का पाहिजे, आणि आधी कुणाच्या तरी घराण्यात राहिलेलं पाहिजे. वकीलसाहेबांच्या पत्नी, भाभीजी, त्यांनी तिसरी बाजू मांडली, की तेवढ्या पैशांत स्वयंपाकघर होईल, पण हा पर्याय कुणी विचारात घेतला नाही.

दुकानात मीही गेलो. बंदुकीचं दुकान म्हणजे काहीतरी काळोखं, दबक्या आवाजाचं असेल अशी माझी कल्पना सिनेमावरून झालेली. प्रत्यक्षात तिथे चहा आला, समोसे आले, आणि भिंतीवरून एका भुसा भरलेल्या हरणाने आमच्याकडे अत्यंत कंटाळून पाहिलं. दुकानदारांनी आधी परवाना पाहिला, मग आमची खानदानं विचारली, आणि मग कपाट उघडलं.

आधी नवा माल. कानपूर इथून दीडदोन तासांवर, आणि देशातली बहुतेक सरकारी रिव्हॉल्व्हरं तिथलीच. 2014 मध्ये तिथल्या फील्ड गन फॅक्टरीने 'निर्भीक' काढलं. दिल्लीच्या निर्भयाच्या नावाची आठवण ठेवून, बायकांसाठी म्हणून. वजन फक्त 500 ग्रॅम, आणि यायचं ते सराफाकडच्यासारख्या मखमली पेटीत. तेव्हाची किंमत 1 लाख 22 हजार 360 रुपये. ज्या मुलीला रात्री बसने घरी यावं लागतं तिच्या कित्येक महिन्यांच्या पगाराची ती पेटी, आणि जिच्याकडे तेवढे पैसे ती बसने येतच नाही. सरकारने बायकांच्या सुरक्षिततेवर काढलेल्या उपायांत इतका देखणा आणि इतका निरुपयोगी दुसरा नसेल. दुकानदारांच्या अनुभवाप्रमाणे ते घ्यायला पुरुषच येत, आणि कुणासाठी विचारलं की 'मिसेस के लिए' म्हणत.

मग आलं 'प्रबल'. सरकारी शस्त्रकारखान्यांच्या 2021 मध्ये सात कंपन्या झाल्या, त्यांतल्या कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट 2023 मध्ये ते बाजारात आणलं. 700 ग्रॅम, 76 मिलिमीटरची नळी, आणि मारा 50 मीटर. जुन्या तऱ्हेची रिव्हॉल्व्हरं काडतुसं भरायला मधून मोडावी लागतात. याचं चक्र बाजूला बाहेर येतं. मुलगा व्हिडिओ कॉलवर होता, त्याने लगेच त्याला दहापैकी नऊ गुण दिले. वकीलसाहेब मात्र 50 मीटरपाशी अडकले. 50 मीटर म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाचा पानवाला, आणि पानवाल्याकडे त्यांची उधारी.

मामाजींनी नव्या मालाकडे पाहिलंही नाही. ते समोसा संपवून म्हणाले, "अब असली चीज़ दिखाइए."

दुकानदारांनी आतल्या तिजोरीतून पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं एक वेब्ले काढलं. हे एका घराण्याचं, विक्रीसाठी ठेवलेलं. काळं पडलेलं पोलाद, कडांना झिजून चांदीसारखं झालेलं, मुठीवर कुणाच्या तरी तळव्याची गुळगुळीत छाप. खटका दाबला की ते मधून वाकतं आणि चक्रातली सगळी काडतुसं एकदम वर उचलली जातात. तो आवाज ऐकून मामाजींनी डोळे मिटले. वेब्ले अँड स्कॉट ही बर्मिंगहॅमची कंपनी या नावाने 1897 मध्ये उभी राहिली, आणि दोन्ही महायुद्धांत इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला तिचा माल असे. त्या लष्करी वेब्लेचा बोअर मोठा, हा त्याचा घरगुती भाऊ. पण मामाजींपुढे असा फरक करणं म्हणजे खानदानी माणसाला गोत्र विचारणं.

"किसकी थी?" मामाजींनी विचारलं.

"कर्नल साहब की."

हे उत्तर मी नंतर बऱ्याच ठिकाणी ऐकलं. लखनौत विकाऊ असलेलं प्रत्येक जुनं रिव्हॉल्व्हर एखाद्या कर्नलसाहेबाचं, तालुकेदाराचं किंवा नवाबाच्या मेहुण्याचं असतं. हे सगळे कर्नल खरे धरले तर ब्रिटिश फौजेत साधे शिपाई भरतीच झाले नसावेत.

मग तपासणी. मामाजींनी नळीतून दिव्याकडे पाहिलं, आत गंजाचे खड्डे आहेत का ते बघायला. चक्र बोटांत धरून हलवून पाहिलं, कारण चक्राला खेळ आला असेल तर गोळी नळीच्या तोंडाशी नीट येत नाही. घोडा चढवला आणि अंगठ्याने मागून हलकेच ढकलला. झिजलेला घोडा नुसत्या ढकलण्याने पडतो, आणि तसा पडला तर ते रिव्हॉल्व्हर फक्त फोटोच्या कामाचं. हे सगळं बघताना मला वाटलं की म्हातारे उगाच बढाया मारत नाहीत. नव्या मालाच्या बाबतीत माणूस फक्त किंमत विचारतो. जुन्याच्या बाबतीत हात घालावा लागतो, आणि ज्याला हात घालता येत नाही त्याने जुन्याच्या वाटेला जाऊ नये.

आकडा ऐकून मुलाने कॉल कापला. आम्हाला वाटलं रेंज गेली. वापरलेली वस्तू नव्याहून कितीतरी महाग! पण यात दुकानदाराचा दोष नाही. 1980 च्या दशकाच्या मध्याला सरकारने सामान्य माणसासाठी विलायती शस्त्रांची आयात बंद केली. तेव्हापासून देशात जेवढी वेब्ले आणि स्मिथ अँड वेसन होती तेवढीच राहिली. मालक मरतात, मुलं विकतात, पुढचा मालक मरतो, आणि दर पिढीला किंमत चढते. शिवाय ज्याचं परवाना असलेलं शस्त्र आहे त्याच्याकडूनच थेट घ्यायचं झालं, तर विकणाऱ्याने आधी मॅजिस्ट्रेटला किंवा ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबायचं. पंचेचाळीस दिवसांत इकडे साखरपुडे मोडतात.

मला आपलं वाटलं की मामाजींना नेमकं काय हवंय ते विचारावं. वर्षानुवर्षं तेल पीत पडलेलं जुनं यंत्र घेऊन करायचं काय? ते म्हणाले, नवं घेतलं तर सांगावं लागतं की घेतलं. जुनं घेतलं तर म्हणता येतं की होतं.

याच्यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि अजून सुचलेलं नाही. सगळ्या लखनौची खरेदी या एका वाक्यात येते. चिकनचा कुर्ता नवा शिवतात आणि दोनदा धुऊन घालतात. पानदान नवं आणतात आणि काळवंडू देतात. रिव्हॉल्व्हर म्हणजे नुसतं शस्त्र असतं तर सगळ्यांनी कानपूरचं घेतलं असतं आणि घरी गेले असते. इथे गिऱ्हाईक आजोबा विकत घेत असतो. आजोबा नव्या पेटीत येत नाहीत.

किंवा येत नव्हते. कारण याच सुमारास मुलाने गुडगावहून बातमी पाठवली, की वेब्ले आता इथेच होतं. आणि खरंच होतं. लखनौच्या एका उद्योगसमूहाने, सियाल मॅन्युफॅक्चरर्सने, वेब्ले अँड स्कॉटशी करार केला, हरदोई जिल्ह्यातल्या संडील्याला कारखाना घातला, आणि 2020 च्या अखेरीस 32 बोअरचं रिव्हॉल्व्हर बाजारात आलं. तेव्हा त्याची किंमत 1 लाख 60 हजारांच्या आसपास सांगितली गेली होती. ज्या कंपनीच्या बंदुकांनी साहेब आमच्यावर राज्य करत होता, तिचं रिव्हॉल्व्हर आता लखनौपासून 50 किलोमीटरच्या आसपास, शीतपेयांच्या आणि रंगांच्या कारखान्यांच्या शेजारी तयार होतं. इतिहासाने सूड घ्यायचा ठरवला तर तो औद्योगिक वसाहतीत घेतो.

मामाजींना ही बातमी सांगण्याची जबाबदारी कुणी घेईना. वकीलसाहेबांनीच जाऊन सांगितली. मामाजी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "संडीले में? वहाँ तो लड्डू बनते हैं."

बनतात, हे खरं आहे. संडील्याचे लाडू मातीच्या हंडीतून विकले जातात आणि त्या फलाटावर गाडी थांबली की अख्खा डबा उतरतो. मी ती लाइन प्रवासाने ओळखतो आणि हिंदुस्थानात इतकी खाद्यपूर्ण आणि स्फोटक लाइन दुसरी असेल असं मला वाटत नाही. लखनौहून निघालात की आधी काकोरी लागतं. तिथले कबाब इतके मऊ की दात नसलेल्या नवाबानेही खावेत. पुढे मलिहाबाद, दसहरी आंब्याचं. तिथल्या पद्मश्री कलीमुल्ला खानांनी एकाच झाडावर तीनशे जातींचे आंबे धरवले आणि त्यांतल्या एका आंब्याला सचिन तेंडुलकरचं नाव दिलं. हापूसवाल्यांनी हे वाचून काय करायचं ते करावं. आणि मग संडीला, लाडू आणि वेब्ले.

काकोरीचं नाव मात्र आपल्या पुस्तकांत कबाबासाठी नाही. 9 ऑगस्ट 1925 ला रामप्रसाद बिस्मिल आणि त्यांच्या साथीदारांनी सहारनपूरहून लखनौला येणारी पॅसेंजर याच लाइनवर साखळी ओढून थांबवली आणि सरकारी खजिना घेतला. त्यांच्याकडे जर्मन माउझर पिस्तुलं होती. या लुटीच्या खटल्यात आपल्या बुलढाण्याचा एक माणूस होता, हे मराठी घरांत फारसं ठाऊक नसतं. चिखलीचे रामकृष्ण खत्री. आधी उदासी पंथाचे साधू, मग क्रांतिकारक. पकडले गेले पुण्यात, शिक्षा दहा वर्षं, आणि सुटल्यावर ते लखनौचेच झाले. 1996 मध्ये तिथेच वारले. त्यांनी 'शहीदों की छाया में' हे आठवणींचं पुस्तक लिहिलं. लखनौला जाणारा मराठी माणूस इमामबाडा बघतो, टुंडेचे कबाब खातो आणि चिखलीच्या या माणसाचं नावही न घेता परततो, हे मला खटकतं.

काकोरीच्या त्या लुटीतली आणखी एक गोष्ट रिव्हॉल्व्हर घेणाऱ्या प्रत्येकाला दुकानात सांगायला हवी. मन्मथनाथ गुप्तांच्या हातातलं माउझर चुकून सुटलं आणि अहमद अली नावाचा एक प्रवासी मेला. कुणाला मारायचा बेत नव्हता. बिस्मिलांसारखे शिस्तीचे लोक बरोबर होते. तरी चाप ओढला गेला, आणि दरोड्याच्या खटल्यात खुनाचाही आरोप आला. शंभर वर्षांनंतर आमच्या वरातींत चापावर बोट ठेवणारे लोक क्रांतिकारकही नसतात आणि शुद्धीवरही नसतात. लग्नात हवेत गोळ्या झाडण्याला इकडे हर्ष फायरिंग म्हणतात. हर्ष एकाला होतो, गोळी दुसऱ्याला लागते, आणि तो दुसरा बऱ्याचदा बँडवाला किंवा गच्चीवरून वरात बघणारं पोर असतं. 2019 च्या दुरुस्तीने याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही लावले. माझ्या मते कैद थोडी आहे.

मुंबईकरांनी यात उत्तरेला हसू नये. 1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे जुहूला अभिनेता गोविंदाच्या पायात त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधली गोळी शिरली. विमानाला निघायचं होतं, रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटलं. तिथे शत्रू नव्हता, वरात नव्हती, दारूही नव्हती. कपाट होतं. जुन्या तऱ्हेच्या कितीतरी रिव्हॉल्व्हरांत घोड्याखाली भरलेलं काडतूस असेल तर नुसतं आदळणंही पुरतं, म्हणून जुने जाणते लोक घोड्याखालचं घर रिकामं ठेवतात. मामाजींना हे माहीत होतं. साडूला नव्हतं. साडूचं नवं होतं, त्यामुळे साडूला काहीच माहीत असायची गरज वाटत नव्हती.

महाराष्ट्राचा या प्रकरणात आणखी एक वाटा आहे, आणि तो दुकानात काडतुसांची पेटी उघडली तेव्हा समोर आला. काडतुसाच्या बुडावर दोन अक्षरं कोरलेली, 'केएफ'. उत्तर प्रदेशात ही अक्षरं लहान पोरांनाही ठाऊक. रोजच्या हिंदी पेपरात कुणी ना कुणी 'एक अदद तमंचा और दो ज़िंदा कारतूस' यांच्यासह पकडला जातो आणि खालच्या ओळीत बहुतेकदा 'केएफ' असतं. ही किर्की फॅक्टरी. म्हणजे आपली पुण्याची खडकी, 1869 पासूनचा दारूगोळा कारखाना. रिव्हॉल्व्हर कानपूरचं असो, संडील्याचं असो की बर्मिंगहॅमचं, त्याच्या पोटात पुणेकर बसलेला असतो. मी हे अभिमानाने सांगितलं. दुकानदार म्हणाले, "तभी कभी-कभी चलती नहीं." मी विषय बदलला.

शेवटी वकीलसाहेबांनी संडील्याचं वेब्ले घेतलं. नाव तेच, मधून मोडायची तऱ्हा तीच, बिल पक्कं, आणि कर्नलसाहेबांच्या वारसांपैकी कुणी उद्या दावा लावायची भीती नाही. दिवाणी वकिलाला हे शेवटचं फार मोलाचं. मुलगा खूश, कारण नवं. मामाजी निम्मे खूश, कारण वेब्ले. भाभीजी कुणाशी बोलत नव्हत्या. आता पाहुणे आले की वकीलसाहेब फडकं उलगडतात आणि म्हणतात, "वेब्ले है." कुठलं, हे सांगत नाहीत. पाहुणेही विचारत नाहीत. मामाजींनी ते एकदा हातात घेतलं, उघडलं, आवाज ऐकला आणि म्हणाले, "पचास साल रहने दो, ठीक हो जाएगी."

त्या पन्नास वर्षांतली बरीचशी ते ठाण्यात काढील, कारण निवडणूक. आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं जमा करण्याच्या नोटिसा निघतात, आणि उत्तर प्रदेशात पंचायत, पालिका, विधानसभा, लोकसभा आणि पोटनिवडणुका मिळून घरी राहायची फुरसत शस्त्राला फार मिळत नाही. वकीलसाहेबांनी रिव्हॉल्व्हर आणलं आणि थोड्याच दिवसांत नोटीस आली. ठाण्यात सगळी शस्त्रं एका ओळीत, प्रत्येकाला सुतळीने बांधलेली चिठ्ठी. साडूचं कानपुरी, यांचं संडीलवी, कुणा तालुकेदाराचं अस्सल बर्मिंगहॅमचं. ज्या दिवसांत माणसाला खरोखर शत्रू असतात त्या दिवसांत सगळी शस्त्रं पोलिसांकडे. उमेदवारांची गोष्ट वेगळी. 2022 च्या विधानसभा निवडणुकीत योगी आदित्यनाथांनी भरलेल्या प्रतिज्ञापत्रात 1 लाखाचं रिव्हॉल्व्हर, 80 हजारांची रायफल आणि 12 हजारांचा मोबाइल फोन अशी नोंद होती. नवं की जुनं, हे प्रतिज्ञापत्रातही विचारत नाहीत.

आता तुमच्यासाठी एक सूचना. कामानिमित्त, लग्नानिमित्त किंवा मुलीच्या सासरच्या निमित्ताने तुम्ही लखनौला जाल, आणि कधीतरी जेवणानंतर यजमान आतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन येतील. तेव्हा घाबरू नका आणि हातही पुढे करू नका. आधी नम्रपणे म्हणा, "ज़रा खोलकर दिखाइए." त्यांनी ते उघडलं, घरं रिकामी दिसली, की मग हातात घ्या, नळी भिंतीकडे आणि बोट चापाच्या बाहेर. नवं असेल तर वजनाचं कौतुक करा, जुनं असेल तर आवाजाचं. आणि ते रिकामं करून दाखवायला तयार नसतील, तर गाडीची वेळ झाली म्हणा आणि उठा.